घंटा ‘ऑफ’ झाली, म्हणजे वाजली!

पुणे-सातारा रस्त्याने खेड शिवापूर ओलांडून शिरवळकडे निघाले की दोन्ही बाजूंना कारखाने दिसू लागतात. भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांतील कितीतरी तरुण रोज या पट्ट्यात कामाला उतरतात. समजा, त्यांपैकी एखाद्या कारखान्याच्या भिंतीवर इंग्रजीत पाटी लावलेली आहे : ‘इफ द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग ॲट वन्स.’ बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेला तरुण ती वाचतो. अलार्म म्हणजे धोक्याचा भोंगा, लीव्ह म्हणजे सोडणे, बिल्डिंग सर्वांना ठाऊक. राहिला ‘ऑफ’. तो तर घरातल्या प्रत्येक बटणापाशी भेटलेला. सरळ अर्थ लागतो : ‘भोंगा बंद पडला तर ताबडतोब इमारतीबाहेर जा.’ म्हणजे भोंगा वाजतो आहे तोवर जागेवर थांबायला हरकत नाही!

मूळ सूचना याच्या नेमकी उलट आहे. भोंगा ‘गोज ऑफ’ म्हणजे भोंगा वाजू लागतो.

अवघड शब्द न कळल्यामुळे घोटाळा झाला असता, तर नवल नव्हते. येथे अवघड शब्द एकही नाही. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधी ते पाचवीपासून असे. ‘गो’ आणि ‘ऑफ’ हे दोन्ही शब्द या अभ्यासक्रमातील अगदी सुरुवातीच्या पानांवरचे. पण दोन सोपे शब्द एकत्र आले की त्यांचा अर्थ त्यांच्या बेरजेएवढा राहीलच, असे इंग्रजीत होत नाही. क्रियापदाला एखादा इवलासा शब्द जोडून नवे क्रियापद बनवण्याची ही इंग्रजीची रीत. तिला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकाने रूढ केले. परक्यांना होणारा त्रास मात्र त्याआधीच ध्यानात आला होता. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच सांगून ठेवले आहे, की परकीयांना सर्वांत जास्त अडचण होते ती या जोडक्रियापदांची.

‘गो ऑफ’ हे त्यांतले एक अगदी रोजच्या वापरातले. त्याचे अर्थ तरी किती? निघून जाणे, बंदूक किंवा बॉम्ब उडणे, गजर वाजणे, दिवे जाणे, दूध नासणे, एखाद्या गोष्टीवरून मन उडणे, समारंभ पार पडणे, रस्ता बाजूला फुटणे, डोळा लागणे, आणि मागे ‘विथ’ जोडला तर दुसऱ्याची वस्तू घेऊन पसार होणे. मार्गदर्शक पुस्तकांत हे अर्थ एकाखाली एक छापलेले असतात. विद्यार्थी ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. यात त्यांचा दोष कमीच. ज्या यादीतील दोन अर्थ (वाजणे आणि बंद पडणे) एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत, ती यादी स्मरणात राहावी कशी?

गोंधळाचे मूळ आपल्या मराठीतल्या ‘ऑफ’मध्ये आहे. हा शब्द आपल्याकडे आला तो बहुधा विजेच्या बटणाच्या वाटेने. ‘लाइट ऑफ कर’, ‘पंखा ऑफ आहे’, ‘मोबाइल स्विच ऑफ लागतोय’ अशी त्याची आपल्याशी ओळख झाली, आणि ऑफ म्हणजे बंद हे समीकरण मनात पक्के बसले. त्यावरून आपण पुढेही गेलो. ‘आज माझा मूड ऑफ आहे’ हे वाक्य आपल्याकडे शाळकरी मुलेही बोलतात; लंडनमधला माणूस मात्र ते ऐकून क्षणभर विचारात पडेल, कारण त्याच्याकडे मूड असा ‘ऑफ’ होत नाही. थोडक्यात, इंग्रजी ‘ऑफ’चा एकच कोपरा आपण उसना घेतला आणि तोच संपूर्ण शब्द मानला.

मूळ इंग्रजीत ‘ऑफ’ म्हणजे बंद नव्हे. ‘ऑफ’ म्हणजे पासून दूर, वेगळे, सुटून. ‘बँक ऑफ महाराष्ट्र’ या नावातला ‘ऑफ’ आणि बटणावरचा ‘ऑफ’ हे इंग्रजी लिपीत वेगळे लिहिले जातात. एकात एक ‘एफ’, दुसऱ्यात दोन. पण जुन्या इंग्रजीत हे दोन्ही एकच शब्द होते आणि त्याचा अर्थ होता ‘पासून’. काळाच्या ओघात उच्चार व लेखन वेगळे होऊन त्याचे दोन शब्द झाले. देवनागरीत आपण पुन्हा दोघांना सारखेच लिहितो, हा निव्वळ योगायोग. तरी बँकेच्या पाटीवर ‘बंद महाराष्ट्र’ असे कोणी वाचत नाही, ही समाधानाची गोष्ट.

‘दूर’ हा अर्थ पटत नसेल तर क्रिकेटचे मैदान आठवावे. ‘ऑफला चौकार मारला’ हे ऐकताना कोणाही मराठी माणसाला काही बंद पडल्याचे वाटत नाही. घोड्यावर डावीकडून बसण्याची इंग्रजांची पद्धत होती. म्हणून घोड्याची डावी बाजू ती जवळची आणि उजवी ती ‘ऑफ’, म्हणजे लांबची. क्रिकेटमधली ‘ऑफ साइड’ याच घोड्यावरून उतरलेली आहे. बटणावरचा ‘ऑफ’ही मुळात ‘बंद’ नाहीच. दिवा विजेच्या प्रवाहापासून वेगळा झाला, एवढेच तो सांगतो. वेगळा झाला म्हणून विझला. विझणे हा परिणाम आहे आणि आपण परिणामालाच शब्दाचा अर्थ समजून बसलो.

आता ‘गो ऑफ’कडे वळू. कशापासून तरी सुटून जाणे, ही त्यामागची कल्पना. या कल्पनेला मराठीत एक सुंदर क्रियापद आहे : सुटणे. स्वारगेटहून भोरची एसटी सुटते, शाळा सुटते, धनुष्यातून बाण सुटतो, बंदुकीतून गोळी सुटते, वारा सुटतो, माणसाची दारू सुटते. बांधलेले, अडवलेले, धरून ठेवलेले काहीतरी मोकळे झाले, हा या सर्वांतला समान धागा. परभाषिकाला ‘शाळा सुटली’ आणि ‘गोळी सुटली’ ही वाक्ये एकाच क्रियापदाची कशी, हे कोडे पडेल. आपल्याला पडत नाही, कारण धागा आपल्याला न सांगताच हाताला लागलेला असतो. इंग्रजाला ‘गो ऑफ’चा धागा असाच, जन्मतः लागलेला आहे.

बंदुकीचे उदाहरण येथे महत्त्वाचे, कारण गजराचे कोडे तेथेच उलगडते. जुन्या चकमकीच्या बंदुकीत घोडा मागे ओढून अडकवून ठेवत. चाप दाबला की अडकण निघे, घोडा सुटे, ठिणगी पडे आणि बार उडे. अडकण निसटली, बंदूक ‘वेंट ऑफ’. घोडा अर्धाच ओढलेला असताना बार उडाला तर ती फजिती. पुरेशी तयारी होण्याआधीच घाईने काही करून बसणाऱ्याला इंग्रजीत आजही ‘वेंट ऑफ हाफ-कॉक्ड’ म्हणतात, ते यावरूनच. गजराच्या घड्याळाची रचनाही याच जातीची. घंटेची स्प्रिंग चावी देऊन ताणलेली असते, पण एका खिट्टीने अडवलेली असते. ठरलेली वेळ झाली की खिट्टी बाजूला होते आणि घंटा सुटते. म्हणून गजर ‘वेंट ऑफ’. ‘अलार्म’ हा शब्दसुद्धा लष्करी छावणीतून आलेला आहे. ‘शस्त्रे उचला’ अशा अर्थाच्या इटालियन आरोळीपासून तो बनला. रायगडाआधी ज्या राजगडावरून स्वराज्याचा कारभार चालला, तो किल्ला ज्या तालुक्यात आहे, तेथील वाचकाला चौकी, पहारा आणि आरोळी यांचा संबंध वेगळा समजावून सांगायला नको. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. बोलताना मात्र जुने नाव सहजी सुटत नाही. येथेही ‘सुटणे’ आलेच.)

सुटणे हे पहिले क्रियापद झाले. दुसरे आहे उडणे. तोफ, बंदूक, सुरुंग, फटाका हे सारे मराठीत उडतात. इंग्रजी ‘गो ऑफ’ आणि मराठी ‘उडणे’ येथे इतके जुळतात, की एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना अडखळायला होत नाही. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून स्वच्छ हवेत सिंहगड नजरेस पडतो. त्या सिंहगडावर १७५१ साली दारूकोठारावर वीज पडली, कोठार उडाले आणि गडावरील फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले. इंग्रजीत हा प्रसंग सांगायचा तर दारू ‘वेंट ऑफ’. विशेष म्हणजे ज्या विजेने हे कोठार उडवले, त्याच नावाची वीज आज पावसाळ्यात वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरून जाते तेव्हा इंग्रजीत दिवेही ‘वेंट ऑफ’. दारूचा भडका आणि दिव्यांचा अंधार, दोन्हींना एकच शब्दप्रयोग!

मग ऐकणाऱ्याने ओळखावे कसे? व्याकरणाच्या पुस्तकांत सहसा न सापडणारी, पण कामाला येणारी एक खूण सांगता येईल. जी वस्तू एरवी सतत चालू असते, तिच्या बाबतीत ‘गो ऑफ’ म्हणजे बंद पडणे : दिवे, पंखा, हीटर, शेतावरची मोटर. जी वस्तू एरवी गप्प असते आणि एका क्षणाची वाट पाहत दबा धरून बसलेली असते, तिच्या बाबतीत ‘गो ऑफ’ म्हणजे उडणे किंवा वाजणे : बंदूक, बॉम्ब, फटाका, सापळा, गजर, भोंगा. पहिली वस्तू प्रवाहापासून सुटते आणि थांबते. दुसरी अडकणीपासून सुटते आणि सुरू होते. सुटणे दोन्हीकडे सारखेच.

ही खूण मोबाइलला लावून पाहावी. ‘माय फोन वेंट ऑफ ड्युरिंग द मीटिंग’ असे इंग्रज साहेब म्हणाला, तर त्याचा फोन भर बैठकीत वाजला आणि तो ओशाळला, असा अर्थ. आपल्याकडचा अधिकारी हेच वाक्य ऐकून म्हणेल, चार्जर देऊ का? फोन खिशात गप्प पडून वाजण्याची वाट पाहत असतो, म्हणून तो दुसऱ्या गटातला. बॅटरी संपून बंद पडला तर इंग्रज माणूस फोन ‘डाइड’ म्हणतो. मेला म्हणतो, ‘ऑफ’ गेला म्हणत नाही. आणि पहाटेचा प्रसंग तर असा : ‘द अलार्म वेंट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ.’ गजर वाजला म्हणून मी तो बंद केला. एका ओळीत दोन ‘ऑफ’, परस्परांच्या उलट, तरीही इंग्रजाला यात काही विनोदी वाटत नाही.

येथे एक व्याकरणाचा मुद्दा सांगायला हवा, कारण चांगल्या विद्यार्थ्यांचीही चूक येथे होते. मराठीत ‘उडणे’चे ‘उडवणे’ करता येते, ‘वाजणे’चे ‘वाजवणे’. क्रियापदाच्या पोटातच एक अक्षर घातले की काम करणारा माणूस वाक्यात येतो. ‘गो ऑफ’ला ही सोय नाही. बॉम्ब ‘वेंट ऑफ’ म्हणता येईल, पण कोणी बॉम्ब ‘वेंट ऑफ’ केला असे म्हणता येणार नाही. तेथे ‘गो’ला बाजूला सारून ‘सेट’ किंवा ‘लेट’ आणावा लागतो : ‘सेट ऑफ’, ‘लेट ऑफ’. भोरच्या दक्षिणेला साताऱ्याचा किल्ला आहे. १७०० सालच्या एप्रिलमध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याच्या तटाखाली दोन सुरुंग उडवले. पहिल्याने आतली कित्येक माणसे गाडली गेली. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटाने तट बाहेरच्या अंगाला ढासळला आणि खाली हल्ल्याच्या तयारीने उभ्या असलेल्या मोगलांच्याच अंगावर आला. मोगलांनी सुरुंग ‘सेट ऑफ’ केले. सुरुंग ‘वेंट ऑफ’ झाले ते मात्र त्यांच्या मनासारखे नव्हे. करणे आणि होणे यांतले हे अंतर मराठीने एका ‘व’मध्ये बसवले आहे, इंग्रजीने त्यासाठी क्रियापदच बदलले आहे.

जे अडकणीने धरलेले नाही ते ‘गो ऑफ’ होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्याची दाणादाण उडाली. पाणीही अडवून ठेवलेलेच होते. तरी धरण ‘वेंट ऑफ’ असे इंग्रजी जाणणारा कोणी लिहिणार नाही, ते ‘बर्स्ट’. मराठीतही धरण उडत नाही, फुटते. दोन्ही भाषांनी येथे एकच विवेक दाखवला आहे. मात्र ‘फुटणे’ हे क्रियापद हाती घेतले की आता घाम फुटायची पाळी इंग्रजाची. धरण फुटते, घाम फुटतो, वाचा फुटते, झाडाला पालवी फुटते, परीक्षेचा पेपर फुटतो, आणि नसरापूरजवळ चेलाडी फाट्याला महामार्गापासून वेल्ह्याचा रस्ता फुटतो. या रस्त्याने काहीही तुटत-फुटत नाही, हे त्याला कोण समजावणार? गंमत अशी, की इंग्रजीत हा रस्ता तेथून ‘गोज ऑफ’ होतो. महामार्गापासून सुटून पश्चिमेला जातो.

मराठीचा कोश करणाऱ्या मोल्सवर्थसाहेबांना अशा क्रियापदांनी किती दमवले असेल, याची कल्पना त्यांच्या १८३१ सालच्या आणि पुढे १८५७ साली वाढवून काढलेल्या कोशातील ‘लागणे’सारख्या लांबलचक नोंदी पाहून येते. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, वाटेत घाट लागतो. तेव्हा इंग्रजी भाषा विचित्र आणि आपली सरळ, असा समज कोणी करून घेऊ नये. प्रत्येक भाषा आपल्या मोजक्या लाडक्या क्रियापदांना वाटेल तेवढे राबवून घेते. संस्कृतात हेच काम उपसर्ग करतात. एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार आणि संहार निघतात. संस्कृतने लहान शब्द पुढे जोडला, इंग्रजीने मागे. मराठीने क्रियापदामागे दुसरे क्रियापद जोडण्याची वाट धरली : निघून जाणे, विझून जाणे, नासून जाणे. ही तिन्ही ‘गो ऑफ’चीच भाषांतरे आहेत, आणि तिन्हींच्या शेवटी ‘जाणे’ म्हणजे ‘गो’ आहे, हे पाहण्यासारखे आहे.

नासण्याचा अर्थ आला, तेव्हा तिसऱ्या क्रियापदाकडे जाऊ. ब्रिटिश इंग्रजीत ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासले. अमेरिकेत असे फारसे म्हणत नाहीत. तेथे दूध ‘बॅड’ होते. आणि ‘आय हॅव गॉन ऑफ टी’ म्हणजे चहावरून माझे मन उडाले, चहा आता नकोसा झाला. दूध नासणे आणि मन उडणे यांचा परस्परांशी काय संबंध? इंग्रजी शिकणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो आणि उत्तर म्हणून ‘तसा प्रघात आहे’ एवढेच सांगितले जाते. खरे तर उत्तर मराठी स्वयंपाकघरात आहे. विटणे हे आपले जुने क्रियापद. कालचे वरण विटते, वापरून वापरून लुगड्याचा रंग विटतो, आणि रोजच्या कटकटीला माणसाचा जीव विटतो. पदार्थाची चव जाणे आणि माणसाची त्या पदार्थावरची वासना जाणे, या दोन्ही गोष्टी मराठीने एकाच शब्दात ठेवल्या. इंग्रजीने त्याच दोन गोष्टी ‘गो ऑफ’मध्ये ठेवल्या. पदार्थ आपल्या मूळ गुणापासून ढळला किंवा मन आपल्या मूळ आवडीपासून ढळले, ढळणे तेच. शहरी घरांत ‘विटणे’ आता क्वचितच ऐकू येते. फ्रिजमधल्या भाजीला ‘खराब झाली’ एवढा एकच शब्द उरला आहे. आंबा उतरला, ताक आंबले, तेल खवट झाले, वरण विटले, असे बारीक भेद करणारी पिढी मागे पडत चालली, ही खंत येथे नोंदवून पुढे जातो.

इंग्लंडमधल्या जुन्या पद्धतीच्या उपाहारगृहात वाढप्याने ‘द फिश इज ऑफ’ म्हटले, तर मात्र लगेच नाक मुरडू नये. मासा नासला असाही अर्थ होऊ शकतो, पण बहुधा त्याला म्हणायचे असते, की मासे संपले, आज मिळणार नाहीत. मासा यादीपासून सुटला, एवढेच.

समारंभाचा अर्थ थोडक्यात आटोपता येईल. ‘द वेडिंग वेंट ऑफ वेल’ म्हणजे लग्न छान पार पडले. येथे ‘वेल’, ‘स्मूदली’ असा एखादा शब्द बरोबर लागतोच. तो नसेल तर लग्नाचा स्फोट झाल्यासारखे वाटेल. आपण मात्र आनंदाने ‘लग्नाचा बार उडवून दिला’ असे म्हणतो आणि आपल्या कोणाला त्यात दारूगोळा दिसत नाही! बनेश्वरची महाशिवरात्रीची यात्रा ‘शांततेत पार पडली’ असे वृत्तपत्रे दरवर्षी छापतात. त्यातला ‘पार’ही पलीकडचा तीर दाखवणारा, म्हणजे ‘ऑफ’चाच दूरचा भाऊबंद.

अलीकडे समाजमाध्यमांवर तरुण मंडळी एखादीच्या धडाकेबाज भाषणाला किंवा नाचाला दाद देताना नुसतेच ‘गो ऑफ!’ असे लिहितात. याचा अर्थ ‘निघून जा’ असा घेऊन कोणी रुसू नये. ‘उडवून दे बार’ असे म्हणण्याचाच तो प्रकार.

भोर-वेल्ह्यातून पुण्यात शिकायला येणारी मुले स्पर्धा परीक्षेच्या वर्गांत अशी जोडक्रियापदे शेकड्याने पाठ करतात. त्यांच्या वह्यांत इंग्रजी शब्दापुढे मराठी अर्थ असतो, पण तो शब्दाला शब्द असा चिकटवलेला. शिक्षकांनी एक करून पाहावे. ‘गो ऑफ’चे दहा अर्थ फळ्यावर लिहिण्याऐवजी सुटणे, उडणे आणि विटणे ही तीन क्रियापदे लिहावीत आणि त्यांची वाक्ये मुलांकडूनच घ्यावीत. एसटी सुटली, सुरुंग उडाला, जीव विटला. ती वाक्ये मुलांजवळ भरपूर असतात. शहरातल्या मुलांपेक्षा कांकणभर अधिकच. मग इंग्रजी वाक्य समोर ठेवून विचारावे, यातले कोणते? हाती मराठी चांगली असलेला विद्यार्थी येथे मागे पडणार नाही, उलट पुढे राहील. तीनही क्रियापदे बसली नाहीत आणि दिवे गेलेले असले, तर ‘जाणे’ आहेच. दोन-तीन अर्थ तरीही बाहेर उरतील. डोळा लागणे त्यांपैकी एक; तो वेगळा पाठ करावा.

कारखान्यातील पाटीची गोष्ट त्याहून सोपी आहे. ती पाटी वाचणाऱ्याने इंग्रजी सुधारावे, अशी अपेक्षा आगीच्या वेळी धरता येत नाही. ज्याला जीव वाचवणारी सूचना लिहायची आहे, त्याने ‘गोज ऑफ’सारखा दुधारी शब्दप्रयोग टाळून ‘रिंग्ज’ किंवा ‘साउंड्स’ लिहावे. आणि पाटी महाराष्ट्रात लावायची आहे, वाचणारे हिरडस मावळ आणि गुंजण मावळातले आहेत, तर तिच्यावर आधी ठळक मराठीत चारच शब्द लिहावेत : ‘भोंगा वाजताच बाहेर पडा.’ खाली इंग्रजी हवे तेवढे लिहायला जागा उरतेच.